येणाऱ्या फोनचे पैसे ऐकणाऱ्याने का भरावेत?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्रे गेली, मोबाइल आला आणि माणसे दुरावली, अशा आशयाचे लेखन आपल्या पुरवण्यांतून अधूनमधून वाचायला मिळते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आमच्या धानपट्ट्यातला अनुभव मात्र उलटा आहे. धान निघाले की इथली कितीतरी माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि घरी उरतात ती म्हातारी माणसे व शाळकरी मुले. शेतातल्या मुक्कामाला पत्ता नसतो, त्यामुळे पन्नास पैशांचे पोस्टकार्डही कुठे टाकावे हा प्रश्नच असे. गावातल्या एखाद्या घरचा फोन ‘पीपी नंबर’ म्हणून साऱ्या वस्तीचा असायचा आणि निरोप पोहोचणे फोनमालकाच्या मर्जीवर असायचे. मोबाइलने ही अडचण दूर केली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. माझी तक्रार मोबाइलबद्दल नसून त्याच्या रिचार्जबद्दल आहे.

मे २००३ पासून मोबाइलवर येणारे फोन मोफत झाले. फोन करणाऱ्याची कंपनी फोन घेणाऱ्याच्या कंपनीला काही पैसे देत असे, म्हणून हे शक्य होते. याच सोयीवर गोरगरिबांनी मिस कॉलची पद्धत बसवली : एक रिंग म्हणजे ‘पोहोचलो’, दोन म्हणजे ‘तू लाव’. पुढे कंपन्यांमधील हे शुल्क घटत गेले आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्यावर आले. त्याच्याही आधी, २०१८ च्या अखेरीस, ठरावीक रकमेचे रिचार्ज नसेल तर येणारे फोनही बंद करण्याचा पायंडा खासगी कंपन्यांनी पाडला. तेव्हापासून फोन नुसता ऐकायलाही पैसे पडू लागले.

आमच्या शेजारच्या आजींकडे बटणांचा, मागचे झाकण निघू नये म्हणून रबर लावलेला फोन आहे. त्यांना नंबर लावता येत नाही. वाजला की हिरवे बटण दाबायचे आणि ‘कोन होय गा?’ म्हणायचे, एवढाच त्यांचा त्या फोनशी व्यवहार. मुलगा मिरचीवर गेलेला असताना, म्हणजे गरज सर्वांत जास्त असताना, रिचार्जची मुदत संपते आणि तो माझ्या फोनवर लावून आईला बोलवायला सांगतो. पीपी नंबरच पुन्हा आला म्हणायचा!

डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे व एसएमएसचे वेगळे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. निर्णय योग्यच होता, परंतु दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांकडेच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी आणलेले असे ८४ दिवसांचे पॅक चारशे रुपयांच्या पुढचे होते, म्हणजे महिन्याला दीडशेच्या आसपास. श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धाला महिन्याला १५०० रुपये मिळतात. त्यातला जवळपास दहावा हिस्सा लेकराचा आवाज ऐकण्यासाठी द्यायचा, तोही अमर्याद बोलण्याच्या नावाखाली, जे बोलणे त्या आजी करतच नाहीत. शिवाय रिचार्ज फार काळ राहून गेले तर नंबरच बंद पडण्याची भीती, आणि बँकेच्या खात्याला जोडलेला नंबर बहुधा तोच असतो.

मनोरे उभारायला आणि चालवायला खर्च येतो, तो कंपन्यांनी पदरचा सोसावा असे कोणी म्हणणार नाही. तथापि फोन करणारा मुलगा आपल्या रिचार्जचे पैसे भरतोच. तेव्हा ज्यांना केवळ येणारे फोन हवेत, अशांसाठी नाममात्र रकमेत वर्षभर नंबर चालू राहील असा एक पॅक ट्रायने सक्तीचा करावा. बोलण्याच्या पॅकसाठी नियम बदलता आला, तसा ऐकण्यासाठीही बदलता येईल. आमच्या भागातील खासदारांनी पुढील हंगामात माणसे मिरचीला निघण्यापूर्वी हा विषय संसदेत मांडावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. सावली, जि. चंद्रपूर