तक्रार पत्र: पावसाळी कोल्हापुरी आणि आमचं पन्हाळ्याचं दुकान

दि. २४ नोव्हेंबर २०२५
कोल्हापूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
डिजिटल मार्केटिंग विभाग

विषय: एसईओच्या (साइट गूगलवर वर दिसावी म्हणून करायच्या कामाच्या) नावाखाली अकरा महिने केलेल्या कामाबद्दल तक्रार, रक्कम परत मिळणे व सर्व खाती ताब्यात मिळणेबाबत.

महोदय,

महाद्वार रोडच्या बाजूला आमचं चपलांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. जानेवारीत तुमचा माणूस टॅब घेऊन आला, गादीवर बसून चहा प्याला आणि 'तीन महिन्यांत गूगलवर पहिला नंबर' असं म्हणाला. लेखीही दिलं. महिना नऊ हजार ठरले. नोव्हेंबरपर्यंतचे नव्याण्णव हजार मी दिलेत, एकही हप्ता मागे ठेवला नाही. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गूगलनेच आपल्या पानावर लिहून ठेवलंय हे मला ऑक्टोबरात कळलं. तुम्हाला ते जानेवारीतच ठाऊक असणार.

आधी पावसाचं सांगतो, कारण त्यात माझी अब्रू गेली.

तुम्ही आमच्या साइटवर लेख टाकलात: 'पावसाळ्यासाठी उत्तम कोल्हापुरी चप्पल'. का, तर 'पावसाळी चप्पल' हा कीवर्ड (गूगलवर टाकायचा शब्द) लोक जास्त शोधतात. अहो, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं ते. पाण्यात भिजलं की फुगतं, तळाचे पदर सुटतात, वादी ढिली पडते. मृग लागला की कोल्हापुरी गुंडाळून माळ्यावर ठेवायची आणि रबराची पायात घालायची, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. डोंबिवलीच्या एका ताईंनी तो लेख वाचून जुलैत कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) मागवली, बावीसशेची. आठ दिवसांत त्यांनी फोटो पाठवला. तळवा भाकरीसारखा टम्म फुगलेला, अंगठ्याजवळची शिवण उसवलेली. खाली एकच ओळ: 'तुम्हीच लिहिलं होतं ना?' मी पैसे परत केले. काय बोलणार? लिहिलं तर आमच्याच नावाने होतं.

त्या लेखात 'कोल्हापुरी चप्पल' हे शब्द मी मोजले, एकेचाळीस वेळा आलेत. तुमच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, 'सर, कीवर्ड डेन्सिटी तीन टक्के ठेवावी लागते.' शंभर शब्दांत तीनदा तोच शब्द, हा हिशोब कुठून आला ते शोधत गेलो तेव्हा कळलं की पंचवीसेक वर्षांपूर्वी, सर्च इंजिनं शब्द मोजत होती तेव्हा, हे चालायचं. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने पांडा नावाचा बदल आणला आणि असल्या भरताड पानांना खाली ढकललं. आज २०२५ आहे.

मग आलं पांढऱ्या अक्षरांचं प्रकरण. इचलकरंजीचं एक गिऱ्हाईक दुकानाचा पत्ता कॉपी करायला पानावर बोट दाबून धरून बसलं. निळा पट्टा खाली सरकला आणि रिकाम्या पांढऱ्या जागेतून अक्षरं उगवली: 'कोलापुरी चपल, कोल्हापूरी चप्पल स्वस्त, चप्पल शॉप कोल्हापूर, बेस्ट चप्पल'... तीन स्क्रीन भरून. पांढऱ्यावर पांढरं. त्यांनी हसत विचारलं, 'हे काय, लिंबू-मिरची बांधल्यासारखं?' आमच्या धंद्यात तळव्याच्या दोन पदरांत पुठ्ठा घालून कातडं म्हणून विकणारे असतात. वर नुसतं कातडं दिसतं, पुठ्ठा पहिल्या पावसात बाहेर येतो. तुम्ही माझ्या साइटला पुठ्ठा घातलात. आणि चुकीचं स्पेलिंग लिहून काय मिळवलंत? कोणी 'कोलापुरी' टाइप केलं तर गूगल आपण होऊन दुरुस्त करून दाखवतं, कित्येक वर्षं झाली त्याला.

दर महिन्याच्या अहवालात 'मेटा कीवर्ड अपडेट केले' ही ओळ असते. म्हणजे पानाच्या कोडमधली, वाचणाऱ्याला न दिसणारी शब्दांची यादी. त्याचेही पैसे लावलेत. गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय की क्रम लावताना हा टॅग ते बघतच नाहीत. माझी धाकटी तेव्हा बालवाडीत होती, आता कॉलेजला जाते.

दुसरी ओळ 'बॅकलिंक: ३२००', म्हणजे दुसऱ्या साइटवरून आमच्याकडे येणारे दुवे. यादी मागून घेतली. त्यात जुगाराच्या साइट, परदेशी टायरवाले, बंद पडलेल्या डिरेक्टऱ्या, आणि सगळीकडून आमच्याकडे तोच दुवा, तेच शब्द. एका साइटने दुसरीकडे दुवा दिला म्हणजे ते मत समजायचं, ही गूगलची १९९८ ची मूळ कल्पना चांगलीच होती. पण मतं विकत मिळायला लागली की काय होतं ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा बदल आणून गूगलने विकतच्या दुव्यांवरच बडगा उगारला. तुम्ही तेरा वर्षांनी तेच माझ्या नावावर विकत घेतलंत. 'डोमेन अथॉरिटी ८ वरून १९' म्हणून पेढे मागितलेत, तर तो आकडा मॉझ नावाच्या दुसऱ्याच कंपनीचा, साइटच्या वजनाबद्दलचा अंदाज निघाला. गूगल तो वापरत नाही.

या सगळ्याचं फळ म्हणून सर्च कन्सोलमध्ये (साइटबद्दल गूगल मालकाला जिथे कळवतं त्या खात्यात) 'लपवलेला मजकूर व कीवर्डची भरताड' अशी मॅन्युअल अ‍ॅक्शनची नोटीस, म्हणजे गूगलच्या माणसाने तपासून लावलेली शिक्षा, मे महिन्यात आली होती. खातं तुमच्या ईमेलवर. मला कोणी कळवलं नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि महिनाभर सगळीकडे कोल्हापुरीचीच चर्चा. २०१९ साली कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हाही एवढी विचारपूस नव्हती. शेजारच्या दुकानदाराला साइट नाही, नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर आहे, तरी त्याला पुण्या-मुंबईहून ऑर्डरी आल्या. आमची साइट दुकानाचं पूर्ण नाव टाकूनसुद्धा सापडत नव्हती. तुमचा जूनचा अहवाल मात्र हिरव्या बाणांनी भरलेला.

सगळ्यात मोठं नुकसान नवरात्रात. गूगल नकाशावर दुकानाचं पाटीवरचं साधं नाव होतं. ते बदलून तुम्ही 'बेस्ट कोल्हापुरी चप्पल शॉप होलसेल रिटेल महाद्वार रोड कोल्हापूर' केलंत. दुकानाच्या पाटीवर असेल तेच नाव लावा, असा त्यांचा नियम आहे. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी प्रोफाइल निलंबित झालं, सुरू झालं ते दसऱ्यानंतर. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस ओटी भरून बाहेर पडला की फोनवर चपलांचं दुकान बघतो. वर्षातला आमचा सगळ्यात मोठा गल्ला त्या दहा दिवसांचा. नकाशावर आम्ही नव्हतोच.

हे लिहिताना एक कबूल करतो. कारागिराने नग आणला की मी तो वाकवून, कान ओढून, वास घेऊन बघतो. तुमचं काम मी वाकवून पाहिलं नाही. इंग्रजी शब्दांना दबलो.

अकरा महिन्यांत तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही की गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारतं काय. सांगतो. नवी चप्पल चावते का, किती दिवस? तेल कुठलं लावायचं, खोबरेल की एरंडेल? पंजा रुंद आहे, कुठली बसेल? कर्रकर्र आवाज कमी करून मिळेल का, ऑफिसात घालायची आहे. (काहींना आवाज वाढवून हवा असतो, ती वेगळी जात.) अस्सल कातडं ओळखायचं कसं? ही उत्तरं आमच्याकडे फुकट होती. एक पोरगा चार दिवस दुकानात बसवला असता तर सगळी लिहून झाली असती, आणि लोक शोधतात तेही हेच.

माझ्या मागण्या अशा. डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), सर्च कन्सोल आणि नकाशावरचं प्रोफाइल माझ्या ईमेलवर आठ दिवसांत करून द्या. लपवलेला मजकूर आणि पावसाळी लेख काढा, विकतच्या दुव्यांपैकी निघतील तेवढे काढून घ्या, उरलेल्यांची यादी डिसअव्हाऊ करून (हे दुवे धरू नका असं गूगलला कळवून) फेरतपासणीचा अर्ज घाला. त्याचे वेगळे पैसे मिळणार नाहीत. मे ते नोव्हेंबर या सात महिन्यांचे त्रेसष्ट हजार परत करा, कारण नोटीस दाबून ठेवून तुम्ही ते घेतलेत. आधीच्या चार महिन्यांचे माझ्या भोळेपणाच्या खात्यावर टाकतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, तुमच्या लेखी हमीसह, वकिलांकडे जाणार आहे.

आणि सगळ्यात आधी ती गावोगावची पानं काढा. राजारामपुरी, कसबा बावडा, उचगाव, जोतिबा, अशी सेहेचाळीस, मजकूर एकच, फक्त गावाचं नाव बदललेलं. 'पन्हाळ्यातील सर्वोत्तम चप्पल दुकान' म्हणून आमचा नंबर दिलाय. आमचं पन्हाळ्यावर खोपटंसुद्धा नाही. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरच्या एका कुटुंबाने गडावरच्या तीन दरवाजातून फोन केला, 'दादा, दुकान आत आहे की बाहेर?' त्यांना मी वीस किलोमीटर खाली यायला सांगितलं, ते आले नाहीत. काल परत एकांचा फोन आला. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी उभे होते, बरोबर म्हातारी आई, आणि तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला.

आपला,
एक चप्पल दुकानदार
महाद्वार रोड परिसर, कोल्हापूर

सोबत: लेखी हमीपत्राची प्रत, अकरा पावत्या, डोंबिवलीच्या चपलेचा फोटो.