बिल दोन महिन्यांचे, वर्ष मुलाचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंगणवाडीची बातमी वर्तमानपत्रात बहुधा दोन प्रसंगी येते. सेविकांचा संप झाला की, नाहीतर खिचडीतून मुलांना बाधा झाली की. मला ज्या गोष्टीविषयी लिहायचे आहे तिची बातमी होत नाही, कारण तेव्हा डोळ्यांना दिसेल असे काहीच घडत नाही. आहाराचे बिल निघत नाही, मानधन खात्यावर जमा होत नाही. दार मात्र रोज उघडते, हजेरी भरली जाते आणि मासिक अहवालात केंद्र सुरू असल्याचीच नोंद होते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका बालविकास प्रकल्पात अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. आमच्याकडे अजूनही मुख्यसेविका म्हणतात. २०२२ मध्ये निवृत्त झाले. माझ्या बीटमध्ये, म्हणजे देखरेखीखालच्या भागात, वाड्या, तांडे आणि दोन मोठी गावे होती, आणि बहुतेक घरांतून दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी कोयता बाहेर पडायचा. पैसे अडले की या घरांचे काय होते ते मी वर्षानुवर्षे जवळून पाहिले आहे.

आधी पैशांची वाट सांगते. पूरक आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. सेविका-मदतनिसांच्या मानधनासारखा इतर खर्च साधारण ६०:४० या प्रमाणात. २०२१ मध्ये आलेल्या पद्धतीनुसार केंद्राचा हप्ता आला की राज्याने आपला हिस्सा त्याच खात्यात घालायचा, आणि आधीच्या रकमेपैकी ७५ टक्के खर्च झाल्याचे दिसल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नसे. हिशेब चोख राहावा म्हणून हे नियम होते, त्यांना माझा विरोध नाही. पण एवढ्या लांबच्या वाटेवर कुठेही एक कागद थांबला तरी शेवटच्या टोकाच्या बाईला फक्त तीन शब्द ऐकायला मिळतात : बजेट आलं नाही.

ती शेवटची बाई म्हणजे बचत गटाची अध्यक्ष. आमच्या भागात तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा गरम आहार बचत गट शिजवत. मुलामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलासाठी १२. हा दर २०१७ मध्ये ठरला आणि माझी सेवा संपेपर्यंत तोच होता. चाळीस मुलांची अंगणवाडी धरा. दिवसाचे ३२० रुपये, पंचवीस दिवसांचे ८,०००. तीन महिने बिल निघाले नाही तर २४,००० रुपये. कार्यालयातल्या फायलीत ही रक्कम किरकोळ दिसते. ज्या गटाच्या बाया महिन्याला शंभर-दोनशे रुपयांची बचत गोळा करतात, त्यांच्यासाठी ती गावातल्या किराणा दुकानाची उधारी असते. दुकानदार पहिला महिना काही बोलत नाही. दुसऱ्या महिन्यात डाळ-तेल मोजून देतो. तिसऱ्या महिन्यात त्याच्याही मागे त्याचा व्यापारी लागलेला असतो.

मग आहार पातळ होतो. उसळीचा दिवस सुटतो, सकाळचा नाश्ता बंद होतो, शेवटी एक दिवस चूल पेटत नाही. सेविकाताई घरून मूठभर शेंगदाणे-गूळ आणून वाटते. तिचे स्वतःचे मानधन थकलेले असताना आणते. अशा सेविका मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे. पण सरकारी कार्यक्रम त्यांच्या ओंजळीवर चालवायचा नसतो.

वरिष्ठांच्या बैठकीत हा विषय काढला की उत्तर ठरलेले असे : पैसे मिळतातच की शेवटी. बचत गटाला मिळतात, खरे आहे. फरकासह मानधनही मिळते. मुलाला मात्र काय परत मिळते? इथे माझ्या भागातली गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण मुंबई-पुण्याच्या वाचकांना ती ठाऊक असेलच असे नाही.

ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, त्यामुळे जायचे की नाही हा प्रश्न उरत नाही. प्रश्न असतो तीन-चार वर्षांच्या लेकराचा. आजीजवळ ठेवायचे की बरोबर न्यायचे? आजीचे वय झालेले, तीही कापूस वेचायला किंवा सोयाबीन काढायला मजुरीने जाते. गावातली अंगणवाडी नेमाने भरत असेल तर आजी तयार होते. सकाळी ताई येऊन घेऊन जाते, दुपारचे पोट भरते, आजीचा अर्धा दिवस मोकळा होतो. हा हिशेब घराघरांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतो. नेमके त्याच सुमारास आहार बंद पडला की आजी हात टेकते. मग ते लेकरू भांड्याकुंड्यांबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसते.

एका वर्षी असेच झाले. बिल जेमतेम दोन महिने थकले होते आणि दिवाळी उलटल्यावर सगळे पैसे मिळालेही. कागदावर थकबाकी शून्य झाली. पण तोवर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पोचल्या होत्या. त्या तांड्यावरच्या अंगणवाडीची पटावरची निम्मी लेकरे उसाच्या फडात होती, पहाटे कोपीतून, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतून, उठून आई-बापाबरोबर. ती परत आली एप्रिलमध्ये. त्यांतली काही जूनला पहिलीत बसली. ना रंग ओळखायचे, ना गोष्ट ऐकून सांगायची, ना चार मुलांत मिसळायची सवय. दोन महिन्यांच्या उशिराने त्या मुलांचे अख्खे वर्ष नेले, आणि हे नुकसान कोणत्याही हिशेबात धरले गेले नाही.

जी घरे गाव सोडत नाहीत त्यांचेही वेगळे नाही. अंगणवाडीवर भरवसा राहिला नाही की आई मजुरी बुडवते, किंवा तिसरी-चौथीतली बहीण शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते. बहुतेक घरांत बहिणीचीच शाळा बुडते. शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलीच्या नावापुढे गैरहजेरी पडते, पण त्यामागे अंगणवाडीचे थकलेले बिल आहे हे तिथे कुणाला दिसणार?

शिक्षणाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण अंगणवाडी म्हणजे खिचडी असा समज शिकल्या-सवरल्या माणसांतही आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हापासून अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण हा तिचा भाग आहे. महाराष्ट्राची वाट तर त्याहून जुनी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेपर्यंत येत नाहीत हे पाहून त्या शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. त्या वाटेचे आपण वारसदार आहोत.

पण पैशाची ओढाताण झाली की पहिला घाव या शिक्षणावरच बसतो, आणि त्याचे कारण कायद्यात आहे. आहाराला २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचा आधार आहे. आहार दिला गेला नाही तर त्याच कायद्याच्या कलम ८ नुसार राज्याने अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा आहे. प्रत्यक्षात असा भत्ता माझ्या बीटमध्ये कुणाच्या हाती पडलेला मी पाहिला नाही, पण निदान कलम आहे, त्यावर बोट ठेवता येते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाला तेवढाही आधार नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांसाठी. त्याआधीच्या मुलांसाठी कलम ११ म्हणते की शासन व्यवस्था करू शकेल. राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदातही राज्याने प्रयत्न करावा एवढेच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अंगणवाडीची तीन वर्षे पायाभूत टप्प्यात आणली, २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी पढाई भी' उपक्रम सुरू केला. दोन्हींचे मी मनापासून स्वागत केले. तरीही, ज्या महिन्यात पैसे नाहीत त्या महिन्यात शिकवण्याचे काय, याचे बंधनकारक उत्तर अजून कुठेच नाही.

आणि प्रत्यक्षात होते काय ते सांगते. बिले थकली की सेविका शिकवणे सोडून धावपळीला लागते. बचत गटाची समजूत काढ, प्रकल्प कार्यालयात फेरी मार, आहार का बंद म्हणून विचारायला आलेल्या पालकांना उत्तर दे. आहार बंद म्हणजे मुलेही कमी, मग मणी ओवणे, कात्रणकाम, बडबडगीते, मातीकाम, सगळे मागे पडते. खेळसाहित्याचे संच माझ्या वेळी कितीदा तरी मार्चअखेर आले. मार्चमध्ये, कारण तेव्हा तरतूद संपवायची असते. ज्या मुलांसाठी ते मागवले होते ती दोन-अडीच महिन्यांत पहिलीत जायची असत. खोकी उघडताना मुलांच्या डोळ्यांत जो आनंद दिसे, तो जूनमध्ये का दिसू नये, हे मला आजही उमगत नाही.

पैसे अडण्याची कारणे नेहमी तालुक्यातच असतात असेही नाही. २०१५-१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या योजनेची तरतूद जवळपास निम्म्यावर आली होती आणि नंतर पुरवणी मागण्यांमधून ती वाढवावी लागली. ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेच्या मानधनाची केंद्राने ठरवलेली मूळ रक्कम ४,५०० रुपये झाली. राज्याने पुढे आपली भर वाढवत नेली हे मान्य केले पाहिजे. पण मानधन वाढवून घेण्यासाठी सेविकांना डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याहून अधिक काळ संपावर राहावे लागले, आणि तेवढा काळ राज्यभरातल्या बहुतेक अंगणवाड्या बंद होत्या. त्या संपाला कुणी अडवणूक म्हणाले तेव्हा मला वाईट वाटले. ज्या बाईला पगार नाही, मानधन आहे, आणि तेही कोणत्या तारखेला येईल हे ठाऊक नाही, तिने किती वर्षे थांबायचे?

माझे मागणे फार मोठे नाही. प्रत्येक प्रकल्पाकडे तीन महिन्यांच्या आहाराएवढा फिरता निधी असावा. वरून हप्ता उशिरा आला तरी बचत गटाला त्यातून वेळेवर पैसे द्यावेत आणि हप्ता आला की निधी पुन्हा भरावा. वर सांगितलेला २४,००० रुपयांचा भार गावच्या बायांनी उचलण्यापेक्षा शासनाने उचलणे अधिक रास्त आहे, कारण शासनाला तो पेलतो. तीस दिवसांहून जास्त थकलेल्या बिलावर गटाला व्याज मिळावे. खेळसाहित्याची खरेदी एप्रिल-मेमध्ये पुरी करून संच जूनच्या पहिल्या आठवड्यात द्यावेत. आणि ऊसतोडीच्या तालुक्यांत सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात एकही बिल थकता कामा नये, याची जबाबदारी जिल्हा परिषदेतल्या एका अधिकाऱ्यावर नावानिशी टाकावी.

माहितीची अडचण आता राहिलेली नाही. पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर कोणत्या मुलाचे वजन किती, कोणते केंद्र किती दिवस उघडले, हे सेविका मोबाइलवरून भरते. तिच्याकडून रोजची नोंद घेणाऱ्यांनी महिन्यातून एकदा आपली नोंद लोकांपुढे ठेवावी : या प्रकल्पातल्या आहाराचे बिल कोणत्या महिन्यापर्यंत दिले, मानधन कोणत्या तारखेला जमा केले.

शासन ते ठेवीपर्यंत आपल्या वृत्तपत्राने एक काम करावे, अशी माझी विनंती आहे. पावसाळ्यात आपण जायकवाडीचा पाणीसाठा रोज छापता, आणि आम्ही तो रोज वाचतो. तसे आपल्या तालुका वार्ताहरांनी दर महिन्याच्या दहा तारखेला प्रकल्प कार्यालयात जाऊन या दोन तारखा विचाराव्यात आणि तालुकानिहाय छापाव्यात. सुरुवात ऊसतोडीच्या तालुक्यांपासून, आणि दसऱ्याच्या आधी व्हावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका,
जि. बीड