“या आठवड्यात नवीन काही नाही” : ताई, तुमचे मनापासून आभार

प्रिय ताई,

आपण कधी समोरासमोर भेटलो नाही. ऑनलाइन मीटिंगमध्ये तुमचा आवाज ऐकलाय, एवढीच ओळख. पण आपला ओपन सोर्स (कोड सगळ्यांसाठी खुला असलेला) सॉफ्टवेअर प्रकल्प दुभंगला तेव्हा मी सगळं सोडून निघून गेलो नाही, ते तुमच्यामुळे. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितोय.

मूळ प्रकल्प ज्यांच्या ताब्यात होता, त्यांनी लायसन्स (कोड कसा वापरता येईल याच्या अटी) बदललं आणि आम्हाला ते कळलं बदलल्यानंतर बऱ्याच दिवसांनी. सहा वर्षं मी तिथे डॉक्युमेंटेशन लिहीत होतो. बदलापेक्षाही, आम्हाला कुणी विचारावंसंच वाटलं नाही, हे मनाला लागलं. दोन दिवसांत फोर्कची, म्हणजे जुना कोड घेऊन वेगळा प्रकल्प काढण्याची, भाषा सुरू झाली आणि तिच्यासोबत चिखलफेकही. कोण विकला गेला, कोण मोठेपणासाठी वेगळा होतोय, याच्याच चर्चा. कालपर्यंत एकमेकांचे पॅच (कोडमधले बदल) तपासणारी माणसं हेतूंवर बोलू लागली.

अशात फोर्कच्या मेंटेनर (प्रकल्प सांभाळणाऱ्या) म्हणून तुमचा पहिला निरोप आला. काय ठरलंय, काय ठरलेलं नाही आणि पुढचं कधी कळवाल, एवढंच त्यात होतं. नाव ठरलेलं नाही, सर्व्हरचा खर्च कोण करणार ते ठरलेलं नाही, पण शुक्रवारी लिहीन, असं तुम्ही सांगितलंत. शुक्रवार आला आणि तुम्ही लिहिलंत, “या आठवड्यात नवीन काही नाही.” ती ओळ वाचून माझा जीव भांड्यात पडला. तोपर्यंत आमच्यापर्यंत जे पोचायचं ते सगळं ठरल्यावरच पोचायचं.

लायसन्स मोकळं असेल तर कोड नेता येतो. रेपो (कोडचं भांडार) क्लोन केला, म्हणजे त्याची पूर्ण प्रत घेतली, की पहिल्या कमिटपासूनचा (नोंदवलेल्या बदलापासूनचा) इतिहासही येतो. पण प्रकल्पाचं नाव येत नाही, डोमेन येत नाही, रिलीजवर (नव्या आवृत्तीवर) सही करायची डिजिटल चावी येत नाही. माणसं येतीलच असंही नाही. ती यावीत म्हणून तुम्ही किती जपून वागलात, ते मी माझ्याच चार पानांवरून सांगतो.

इन्स्टॉलेशनची ती पानं मी जुन्या रेपोत दिली, तेव्हा लायसन्स बदलून गेलं होतं. आपला फोर्क निघाला लायसन्स बदलण्याआधीच्या शेवटच्या कमिटवरून, त्यामुळे ती आपल्याकडे आली नाहीत. कुणीतरी ती सरळ कॉपी करून पुल रिक्वेस्ट (बदल सामील करून घेण्याची विनंती) टाकली. तुम्ही ती थांबवलीत आणि मला लिहिलंत: “लेखक तुम्ही आहात. हक्क तुमच्याकडेच असेल, तर ही पानं जुन्या लायसन्सखाली आम्हाला द्याल का? नाही म्हणालात तरी काही हरकत नाही.” सहा वर्षांत मला असं पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी लॉग पाहिला, तर ऑथर (लिहिणारा) म्हणून माझं नाव होतं आणि कमिटर (बदल नोंदवणारा) म्हणून तुमचं. गिट, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारं साधन, ही दोन नावं वेगळी ठेवतं हे मला माहीत होतं. पण ती तशी राहावीत म्हणून कुणी मुद्दाम काळजी घेतलेली मी तेव्हा पाहिली.

मग ती सुरक्षेची चूक सापडली. फोर्कच्या आधीचा कोड, म्हणजे भोक दोन्हीकडे. “त्यांनी आपल्याला काही सांगितलं होतं का?” असं आपल्यातलेच काहीजण म्हणाले. खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं. तुम्ही त्यांना खासगीत कळवलंत, तारीख ठरवलीत आणि दोन्हीकडची दुरुस्ती एकाच दिवशी बाहेर पडली. वापरणारा माणूस दोन्हीकडे तोच आहे, एवढंच तुमचं म्हणणं होतं.

तिकडचे दोर कापून टाका, असं लोक म्हणायचे तेव्हा तुम्ही जुने दाखले द्यायचात. १९९७ मध्ये जीसीसी या कंपायलरपासून (कोडचं संगणकाला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरपासून) वेगळा झालेला ईजीसीएस १९९९ मध्ये स्वतःच अधिकृत जीसीसी झाला. २०१४ च्या शेवटी नोडपासून (जावास्क्रिप्ट भाषेतला कोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून) फुटलेलं आयओ.जेएस पुढच्याच वर्षी नोड ४ मध्ये परत मिसळलं. आणि लगेच हेही सांगायचात, की २०१० मध्ये ओपनऑफिसमधून निघालेलं लिब्रेऑफिस वेगळंच राहिलं आणि ते चांगलं चाललंय. आपलं यातलं काय होईल, याचं आश्वासन तुम्ही कधी दिलं नाहीत.

एका गोष्टीत माझं तुमच्याशी पटलं नव्हतं. नावासाठीच्या मतदानात तीन आठवडे गेले, ते मला फार वाटले. आजही वाटतात. तेव्हा मी तसं लिहिलं, तर तुम्ही माझी हरकत त्या शुक्रवारच्या निरोपात जशीच्या तशी घातलीत, माझ्या नावासकट. रुसून बसावं असं काही उरलंच नाही.

आता तुम्ही मेंटेनरपदावरून बाजूला झाला आहात आणि शुक्रवारचा निरोप माझ्याकडे आलाय. गेल्या शुक्रवारी सांगण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. पाठवू नये असं क्षणभर वाटलं. मग तुमची ती ओळ लिहिली आणि पाठवून दिली.

तुमचा,
डॉक्युमेंटेशन लिहिणारा एक सहकारी