पहिली गाडी या घुमटाखालून सुटली नव्हती

महोदय,

१६ एप्रिल जवळ आला की देशातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेगाडीची आठवण निघते आणि मजकुराशेजारी हमखास छायाचित्र असते ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटाचे. गाडी याच इमारतीतून सुटली असा समज त्यामुळे पक्का होत जातो. प्रत्यक्षात त्या गाडीनंतर पंचवीस वर्षांनी इमारतीचे काम सुरू झाले.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन ठाण्याकडे निघाली. अंतर ३४ किलोमीटर, आणि गाडी सुटली ती बोरीबंदरच्या साध्या स्थानकातून. ही रेल्वे बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) कंपनीचे लोहमार्ग घाट चढून देशावर पोहोचले, व्याप वाढला, तेव्हा कुठे भव्य वास्तूचा विचार झाला. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये सुरू झालेले काम दहा वर्षे चालले. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये. दर्शनी भिंतीवर जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांचे अर्धपुतळे आहेत. रेल्वे मुंबईत यावी म्हणून खटपट केलेल्या या दोघांनाही ही इमारत पाहता आली नाही. जमशेटजी १८५९ मध्ये गेले, जगन्नाथ शंकरशेट १८६५ मध्ये.

दुसरी गल्लत घुमटाची. त्याच्याखाली फलाट नाहीत. तो भाग कंपनीच्या मुख्यालयाचा, आता मध्य रेल्वेच्या. घुमटाखाली प्रशस्त दगडी जिना आहे. तिकिटांचे दालन, म्हणजे ‘स्टार चेंबर’, उत्तरेच्या बाजूला.

या घुमटाची रचना मात्र प्रत्येक वाचकाला कळावी अशी आहे. दगडी कमान बांधताना खाली लाकडी साचा लागतो, कारण माथ्याचा दगड बसेपर्यंत ती स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. घुमटाचे तसे नसते. दगडांचा एक थर वर्तुळात पूर्ण झाला की त्यातले दगड एकमेकांना आत सरकू देत नाहीत. धोका असतो तो थर अपुरा असताना. तेव्हा आत कललेला दगड निसटू शकतो. इथे अष्टकोनी घुमटाच्या फासळ्यांचे दगड खाचा पाडून एकमेकांत अडकवले आहेत, त्यामुळे आधाराच्या साच्याशिवाय बांधकाम वर चढवता आले. माथ्यावरची ‘प्रगती’ची मूर्ती उजव्या हातात मशाल आणि डाव्या हातात चाक धरून आहे. इतके कौशल्य ज्या घुमटात आहे, त्याला १८५३ च्या बातमीची नुसती सजावट करणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

या आवाराला स्वतःच्याही तारखा आहेत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी इथूनच कुर्ल्याला गेली, १५०० व्होल्टच्या एकदिश (डीसी) प्रवाहावर. २ जुलै २००४ रोजी युनेस्कोने इमारतीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या दोन दिवशी घुमटाचे छायाचित्र अवश्य छापावे. १६ एप्रिलला छापायचेच झाले, तर खाली ‘बांधकाम १८७८ ते १८८८’ एवढी ओळ तरी असावी, ही विनंती.

– रेल्वे इतिहासाचे अभ्यासक, मुंबई