न आलेल्या गेमबद्दल अन्याला पत्र

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय अन्या,

स. न. वि. वि. वगैरे.

परवा फोनवर तू विचारलंस, "अरे, तो अवकाशातला गेम कुठला रे, ज्याच्यापायी तू धनकवडीच्या खोलीत लाइट चालू ठेवून माझी झोप मोडायचास?" मी नाव सांगायला तोंड उघडलं आणि तुझा बोगदा आला. म्हटलं, आता निवांत पत्रच लिहू. नाव सांगून तसाही उपयोग नव्हता, ते कुणालाच धड उच्चारता यायचं नाही. शून्य, एक्स, एक, शून्य आणि डोक्यावर घातांकासारखा बारका सी. कुणी 'टेन टू द सी' म्हणायचं, कुणी 'ट्रिलेक'. तू त्याला सरळ 'तो शून्यवाला' म्हणायचास. तुझ्या ओंकारला तेवढंच सांग.

त्या नावातच सगळी गंमत होती. सोळाच्या पाढ्यात चालणाऱ्या आकड्यांत १० म्हणजे आपले १६ आणि सी म्हणजे १२. सोळाचा बारावा घात. वर्षं मोजलीस तर २८१ लाख कोटींच्या वर जातात. गोष्ट अशी होती, तुला पुसटशी आठवत असेल: १९८८ साली माणसांना गाढ झोपवून ठेवणारी पेटी बाजारात येते. तिला सांगतात, एक वर्ष झोपव. पण पेटी आकडा एका टोकाकडून वाचते आणि कंप्युटर दुसऱ्या टोकाकडून. चार खणांचा आकडा, एकेका खणात असे चार अंक, त्यातला शेवटच्या खणातला १ जाऊन बसतो पहिल्या खणात. माणसं जागी होतात ती थेट इसवी सन २८,१४,७४,९७,६७,१२,६४४ मध्ये. दूरच्या दीर्घिका दिसेनाशा झालेल्या, विश्व विझायला आलेलं.

हे तुला कसं समजावलं होतं आठवतं? तू मेकॅनिकलचा, तुझा आणि ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचा संबंध आला नव्हता. आमच्या लॅबमधल्या त्याच्या किटवर प्रोग्रामात मेमरीचा २०५० हा पत्ता टाकायचा तर आधी ५० दाबायचं आणि मग २०. उलटं दाबलं की प्रोग्राम कुठल्या कुठे जायचा आणि सर बाहेर काढायचे. मी तुला म्हटलं, आपण मराठीत सत्तावन्न म्हणताना आधी सात म्हणतो आणि मग पन्नास, पण लिहिताना पाच आधी. एखाद्या पोरानं ऐकलं तसं लिहिलं तर ७५ होतात. तसंच झालं त्या पेटीचं. तू चहाचा कप खाली ठेवून म्हणालास, "म्हणजे अख्खं विश्व संपलं ते पहिलीतल्या पोराच्या चुकीनं?" २०१९ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला, तेव्हा टीव्हीवरची ती भांडणं बघताना मला तू आणि तो कप आठवत होता.

एप्रिल २०१२. १ तारखेला मार्कस पर्सननं, म्हणजे सगळे ज्याला नॉच म्हणतात त्या माइनक्राफ्टवाल्यानं, एप्रिल फूलचं म्हणून अवकाशातल्या एका गेमचं थट्टेचं पान टाकलं होतं. दोन-तीन दिवसांत त्यानंच आपल्या या शून्यवाल्याचं खरं पान टाकलं. त्यामुळे पहिले काही तास लोक एकमेकांना हेच विचारत होते, ही पण थट्टाच ना? चित्र नाही, व्हिडिओ नाही, नुसती यादी. ग्रहावर थेट उतरता येणार, खाणी, व्यापार, लढाया, टाकून दिलेली यानं लुटणं. आणि त्याच यादीत, बाकीच्यांच्या मांडीला मांडी लावून, डक्ट टेप, ती जाड चिकटपट्टी! तू ती ओळ वाचून जो खूश झालास! म्हणालास, "हा माणूस वर्कशॉपात काम केलेला दिसतो." यानाचं जनरेटर ठरावीक वॉटचं, अदृश्य व्हायचं यंत्र लावलं तर जवळजवळ सगळी वीज तेच खाणार, म्हणून कंप्युटर बंद करा, दिवे मंद करा. त्यावर तुझं म्हणणं, बार्शीच्या माणसाला हे शिकवायची गरज नाही, आम्ही मिक्सर लावायच्या आधी टीव्ही बंद करतो.

मी मात्र यादी सोडून दुसऱ्याच कागदात अडकलो होतो. यानात एक कंप्युटर असणार होता, डीसीपीयू-१६. खोटा नाही, खरोखर चालणारा. त्याचा अख्खा तपशील गेमच्या कितीतरी आधी नॉचनं लोकांपुढे टाकला होता. प्रिंट काढली तर ऑफिसात कुणाच्या लक्षात येऊ नये इतकी कमी पानं. आठ रजिस्टरं, म्हणजे हाताशी आकडे ठेवायचे कप्पे, १६ बिटांचे ६५,५३६ शब्द एवढी मेमरी, आणि वेग सेकंदाला १ लाख ठोके. आमच्या लॅबमधलं ते कळकट किट सेकंदाला ३० लाखांच्या आसपास ठोके घ्यायचं. म्हणजे ताऱ्यांमधून यान हाकायचं ते कॉलेजच्या किटपेक्षा तीसपट सावकाश ठोके देणाऱ्या मशीनवर. तुला हे हास्यास्पद वाटलं. मला वाटलं, वा! अख्खं मशीन डोक्यात मावतंय.

आणि हे मला एकट्यालाच वाटलं नव्हतं. पुढच्या दोन-चार दिवसांत लोकांनी काय काय केलं! गेम नाही, तो कधी येणार पत्ता नाही, पण हा कंप्युटर आपल्या कंप्युटरात चालवून दाखवणारे एम्युलेटर निघाले, ब्राउजरमध्ये चालणारे निघाले. लिहिलेल्या सूचनांचे मशीनला कळणारे आकडे करून देणारे असेंब्लर तर मिळेल त्या भाषेत. सी-सारख्या भाषांचे कंपायलर आले. काही जणांनी तो एफपीजीएवर, म्हणजे हवी तशी जोडणी करता येणाऱ्या चिपवर, उतरवून खऱ्या सिलिकॉनमध्ये पळवला. मग लोक भांडायला लागले, डेटा लिहायची पद्धत एकच हवी, प्रत्येकाचा असेंब्लर वेगळा नको. घर नाही, जमीन नाही, पण सोसायटीची नियमावली तयार! तेवढ्यात नॉचनं नवा तपशील काढला, आवृत्ती १.७. त्यात सूचनांमधले बिटच हलवले, ओ नावाच्या रजिस्टरचं ईएक्स झालं आणि आमचे जुने प्रोग्राम कचऱ्यात गेले. कुणी फारसं रडलं नाही. उलट पुन्हा लिहायला कारण मिळालं.

त्या काळातली माझी एक रात्र तुला माहीत नाही, तू गावाला गेला होतास. पडद्याचा तपशील आला होता, एलईएम-१८०२. ३२ अक्षरं आडवी, १२ ओळी. एक अक्षर म्हणजे चार ठिपके रुंद, आठ ठिपके उंच, बस. पण अक्षरांचे साचे आपल्याला बदलता यायचे, एका अक्षराला दोन शब्द मेमरी. मी म्हटलं, मराठी बसवू. चौकटीच्या वहीवर चार बाय आठचे खण आखले आणि पेन्सिलनं भरायला लागलो. क चार ठिपक्यांत बसतच नाही रे. मधली दांडी, डावीकडचं पोट, उजवीकडची वळलेली शेपटी, यात गर्दी होते आणि नुसता डाग दिसतो. मग दोन खणांत मांडला. दोन खणांत बसला आणि वरची रेघ अशी सलग जुळली, कारण दोन अक्षरांच्या मध्ये मोकळी जागाच नव्हती! इंग्रजी अक्षरांना बाजूला मुद्दाम एक ठिपका सोडावा लागायचा, आपली शिरोरेखा मात्र एका दमात आडवी पळाली. पहाटे अडीचला पडद्यावर 'अन्या' लिहिलं. अ ला तीन खण लागले, तुला कुठेही जास्तच जागा लागते. तू सोमवारी आल्यावर दाखवलं तर म्हणालास, "छान आहे. पण यान कुठंय?"

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. तू चिडून म्हणाला होतास, "म्हणजे मी गेम विकत घेणार आणि माझं यान सुरू करायला तुझ्या पाया पडणार?" मी म्हणायचो, लोक प्रोग्राम वाटतील, तू फ्लॉपी घालायची आणि उडायचं. तू म्हणायचास, आणि त्या फ्लॉपीत कुणी व्हायरस घातला आणि माझं दार अवकाशात उघडलं तर? यावर मी काय बोललो माहीत आहे? "अरे, मजा येईल!" तुझा चेहरा मला अजून आठवतो. जगभर हाच वाद दोन तोंडांनी चालला होता. एकाच बातमीवर अर्धे लोक 'व्हायरस लिहिता येईल!' म्हणून नाचत होते आणि अर्धे 'व्हायरस येईल' म्हणून धास्तावले होते. आणि त्या महिन्याच्या पैशांवरून तर तू नुसता उखडलास. सगळ्यांनी मिळून खेळायच्या जगासाठी दरमहा फी, कारण तू झोपलेला असतानाही तुझ्या यानातला कंप्युटर त्यांच्या मशीनवर चालूच राहणार. मला हे कारण फार पटलं होतं. तू म्हणालास, "माझा कंप्युटर मी झोपलो की झोपतो. आणि माझं डेबिट कार्ड परदेशात चालत नाही."

पुढे थोडीफार चित्रं आली, व्हिडिओ आले, यानाच्या आतले साधे कॉरिडॉर, पळणारी माणसं. मग शांतता. ऑगस्ट २०१३ मध्ये नॉचनं सांगून टाकलं की आता यावर काम करत नाही. त्यानं लिहिलेलं मला आवडलं होतं. त्याला लहान गेम करायचे होते, फसले तरी चालतील असे. याच कल्पनेवर चाहत्यांची एक टोळी आपला गेम करायला बसली होती, त्याबद्दल तो म्हणाला की हा गेम मला खेळायचाय, पण करणारा माणूस मी नव्हे. टोळीच्या प्रकल्पाचं नाव प्रोजेक्ट ट्रिलेक. तोही तडीला गेला नाही. तू त्या वेळी नुसतं "बघ" म्हणालास आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. खरं तर फसवलं असं कुणाला म्हणता येत नव्हतं, त्यानं कुणाचा एक पैसा आधी घेतला नव्हता. त्याच २०१२च्या ऑक्टोबरात स्टार सिटिझनवाल्यांनी लोकांकडून आधी पैसे गोळा करायला सुरुवात केली, त्यांच्या गेमवरचे वाद दहा वर्षांनंतरही मिटले नव्हते. वचन आणि पावती यात फरक असतोच.

अन्या, तेव्हा मी कबूल केलं नाही, आता करतो. तुझं ते "यान कुठंय?" बरोबर होतं. आम्हा लोकांना मशीन मिळालं आणि तेवढ्यातच आमचं पोट भरलं. तू ताट वाढायची वाट बघत बसलास आणि आम्ही स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फोडणीच चाखत राहिलो, ताट मांडायचंच राहून गेलं. नॉचचंही बहुधा तेच झालं, असं मला वाटतं. त्याला सगळ्यात मजा आली ती त्या पहिल्या काही पानांत, ती त्यानं एप्रिलमध्येच लिहून संपवली होती. पुढं उरलं होतं ते तुझ्या वाटणीचं काम: उडणं, उतरणं, खणणं, ठोकाठोक. ते कंटाळवाणं नसतं, पण ते करायला तुझ्यासारखा माणूस लागतो.

असो. आता ओंकारचं. तो जो खेळतोय, स्टेशनिअर्स, तो अवकाशतळ बांधायचा गेम, मी बघितला. तिथे हे सगळं नीट जेवणाच्या क्रमानं आलंय. आधी श्वास घ्यायला खोली बांधा, पाइप जोडा, गुदमरून मरा, आणि मग वैतागून प्रोग्राम लिहायची चिप बसवा. प्रोग्रामला १२८ ओळींची मर्यादा, १६ रजिस्टरं. चिपविनाही खेळता येतो, तू खेळू शकशील. त्याचा पंप सारखा चालू-बंद होतोय म्हणालास ना? त्यानं एकच आकडा ठेवला असणार: १०० किलोपास्कलच्या खाली गेलं की चालू, वर गेलं की बंद. मग पंप तिथल्या तिथे तडफडत राहतो. दोन आकडे ठेवायला सांग, ९० ला चालू, ११० ला बंद, आणि मध्ये असेल तर जे चाललंय ते चालू दे. बार्शीच्या घरी गच्चीवरच्या टाकीला तू मोटर बंद-चालू करायला दोन फ्लोट लावले होतेस, तेच. तुलाच समजावता येईल, माझी गरज नाही. आणि लूपच्या तोंडाशी यील्ड घाल म्हणावं, म्हणजे चिप दर फेरीला क्षणभर थांबेल.

वहिनींना नमस्कार. आईंच्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळव.

तुझा,
पम्या

ता. क. स्टेशनिअर्समध्ये डक्ट टेप आहे. सूट फाटला की लावायची.