काका, पाणी थांबलं!

काका, नमस्कार. तुम्ही व्हॉट्सॲप वापरत नाही म्हणून असं जाहीर लिहितोय, पुतण्याला सांगितलंय वाचून दाखवायला. आणि बाकी बोटवाल्यांनी वाचलं तरी चालेल, माझ्यासारखे येडे अजून असतीलच.

माझी २५ फुटी फायबरची शिडाची बोट, गेटवेसमोर मुरिंगला (पाण्यातच बांधून ठेवलेली) असते. दोन महिने हाच ताप, मांडव्याला जाऊन आलो की बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाशी, दोन-तीन बादल्या पाणी. ज्याला विचारावं तो म्हणे शाफ्टचा ग्लँड (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथलं दोरी भरलेलं सील) गळतोय. एका मेकॅनिकने ग्लँडची दोरी बदलली, पैसे घेतले, पुढच्या रविवारी परत पाणी, मग त्याने नट अजून आवळला तर शाफ्ट तापायला लागला आणि पाणी आहे तेवढंच. रात्री झोप लागत नव्हती हो.

तुम्ही आलात ते पान्याला हातच लावला नाहीत. आधी त्या पाण्यात बोट बुडवून (हाताचं!) चाटलंत. वर डिझेलचा तवंग होता, मला कसंतरीच झालं. "खारं आहे, म्हणजे तुझी गोड्या पाण्याची टाकी फुटलेली नाही," एवढंच बोललात. मग विचारलंत, जाताना येतं की येताना? मी कधी बघितलंच नव्हतं! मग सगळं पाणी उपसून, फडक्याने कोरडं करून तुम्ही ग्लँडखाली, प्रत्येक व्हॉल्व्हभोवती, कीलच्या (तळाखालच्या वजनाच्या) बोल्टांवर टाल्कम पावडर भुरभुरवलीत (डबा घरचा होता, बायको अजून शोधतेय) आणि आपण निघालो.

मांडव्यापर्यंत कोरडं ठणठणीत. तिथेच तुम्ही म्हणालात, इंजिन तर इथे येतानाही चालवलंस ना, मग ग्लँडला का शिव्या देतो? परतताना वायव्येचा वारा तोंडावर, पश्चिमेकडे टॅक घेतला (वाऱ्याला तिरकी धरली), बोट डावीकडे चांगली २० अंश कलली आणि दहा मिनिटांत तुम्ही खालून हाक मारलीत. बाकी पावडर तशीच पांढरी, फक्त बिल्ज पंपाभोवती चिखल. पंप बंद, आणि त्याच्याच तोंडातून पाणी आत येतंय! तुम्ही पाइप हाताने उचलून डेकला टेकवलात, पाणी थांबलं. खाली सोडलात, परत सुरू. तो क्षण मी विसरणार नाही.

म्हणजे पाइपचं बाहेरचं भोक डाव्या बाजूला, पाण्याच्या चार बोटं वर, बोट कलली की ते बुडायचं आणि ड्रममधून नळीने डिझेल काढतात तसं समुद्र आत. पाणी बाहेर टाकायला लावलेला पंपच पाणी आत घेत होता आणि मी ग्लँड आवळतोय!!

मी लगेच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप) घेऊ का विचारलं, तर तुम्ही म्हणालात नको, केसाचा एक गुंता अडकला की झडप उघडीच राहते. तुम्ही सांगितलं तसंच केलं, पाइप डेकच्या खाली मधोमध उंच नेऊन वळवला, वळणाच्या माथ्याला हवेचा व्हॉल्व्ह, म्हणजे हवा शिरून पाण्याची ओढ तुटते. गेले दोन रविवार त्याच टॅकवर मुद्दाम जास्त कलवून आणली, बिल्ज कोरडं.

तुम्ही फक्त चहा आणि जेटीपर्यंतचं भाडं घेतलंत, ते मला बरोबर वाटलेलं नाही, पण त्यावर समोर बसून भांडू. ग्लँड थोडा सैल केलाय, शाफ्ट आता तापत नाही. इंजिन चालू असताना घड्याळ लावून थेंब मोजले काका, मिनिटाला तीन, तेवढं गळायलाच हवं.