पेन माझ्या हातात दिलंत, त्याबद्दल

प्रिय दादा,

नाव लिहीत नाही. "काकू, नाव टाकू नका, ऑफिसातली पोरं चिडवतील," असं तुम्हीच फोनवर म्हणालात. पण पत्र मात्र जाहीर लिहिणार. ते ज्यांनी वाचायला हवं, त्यांत तुम्ही एकटे नाही.

३१ मार्च पार पडला. रात्री साडेनऊला आमच्या पतसंस्थेची तेरीज, म्हणजे वर्षाच्या जमा-नावेचा ताळा, जुळली, एका पैशाचा फरक नाही. शिपाईमामांनी शटर ओढलं, आणि मी बाहेर स्कूटीवर बसल्या बसल्या रडले. हे तुम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं.

नवं सॉफ्टवेअर बसवायला तुम्ही आलात फेब्रुवारीत. त्याआधीचं सगळं तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगते. जानेवारीतला सोमवार, आमच्या गावचा बाजाराचा दिवस. पिग्मी एजंट मशीन घेऊन रांगेत उभे, काउंटरला ठेवीदार, आणि एकही नोंद सेव्ह होईना. पडद्यावर इंग्रजी ओळ यायची. तिच्यातलं मला फारसं कळलं नाही, पण एक आकडा होता, १०२४०. तो मी डायरीत उतरवून घेतला. आमच्या धंद्यात आकडा दिसला की टिपून ठेवायचा, ही सव्वीस वर्षांची खोड.

ज्यांनी दोन वर्षांपूर्वी आमच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवलं, त्यांना फोन केला. तीन वर्षांचं एएमसी, म्हणजे देखभालीच्या कराराचे पैसे, आगाऊ भरलेलं होतं, तेव्हा फोन उचलायला हरकत नसावी. चौथ्यांदा उचलला. "रॅम कमी पडतेय मॅडम, वाढवा." वाढवली. चार जीबीची आठ केली, बिल संस्थेनं भरलं, आणि सोमवारचीच ओळ पुन्हा पडद्यावर. मी १०२४० हा आकडा वाचून दाखवला, तर पलीकडचा म्हणतो, "तो कोड असतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नका." शेवटी त्यांचा माणूस येऊन अर्धा तास बसला आणि अहवालात लिहून गेला, 'युजर एंड प्रॉब्लेम'. म्हणजे मी.

तो कागद संचालक मंडळाच्या सभेत वाचला गेला. एक संचालक हसत म्हणाले, "बाईंना आता कॉम्प्युटर झेपत नाही. निवृत्तीला किती राहिली?" पाच वर्षं राहिलीत. किर्द-खतावणी हातानं लिहिण्यापासून मी इथं आहे. त्या जानेवारीत सलग अकरा दिवस आम्ही पुन्हा हातानं रोजमेळ लिहिला, तोही मीच पोरींना शिकवला, कारण कुणाला येतच नव्हता. पण सभेत हे बोलायला तोंड उघडेना. कागदावर लिहिलेलं होतं ना.

मग नव्या कंपनीतून तुम्ही आलात, पाठीला सॅक आणि हातात सेटअपची डिस्क. मला वाटलं, आता हेही डिस्क घालणार, नेक्स्ट नेक्स्ट करणार, चहा पिणार आणि सही घेऊन जाणार. तुम्ही डिस्क टेबलावर ठेवलीत ती संध्याकाळपर्यंत तिथंच राहिली. तुम्ही फक्त विचारत होतात. मशीन कधीचं? २०१२ चं. लाईट गेली की बॅटरी किती वेळ चालते? सभासदांचे फोटो आणि सह्यांचे नमुने कुठं साठवता? हा शेवटचा प्रश्न आम्हाला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

मग तुम्ही एक कोरा कागद घेतलात, मधोमध उभी रेघ मारलीत. डावीकडे 'काय लागतं', उजवीकडे 'काय आहे'. डावी बाजू तुम्ही लिहिलीत. उजवी लिहायची वेळ आली तेव्हा पडदा माझ्याकडे वळवलात आणि पेन माझ्या हातात दिलंत. "तुम्ही बघा आणि तुम्हीच लिहा, मॅडम. मी सांगतो कुठं बघायचं."

दादा, एवढंच. या पत्राचं कारण एवढंच आहे. तुम्हाला ते पाच मिनिटांचं काम होतं, माझ्यामुळं पाऊण तास गेला. मी चष्मा पुसत होते, चुकीच्या ठिकाणी क्लिक करत होते, आणि तुम्ही एकदाही माऊस ओढून घेतला नाहीत. "सावकाश. मी थांबलोय." मधे तुमच्या साहेबांचा फोन आला. तुम्ही व्हरांड्यात जाऊन बोललात, पण आमचा व्हरांडा काही लांब नाही. "नाही सर, आज इन्स्टॉल होणार नाही. होत नाही म्हणून नाही, करू नये म्हणून." पलीकडून काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण परत आलात तेव्हा तुमचे कान लाल होते.

माझ्या अक्षरात उजवी बाजू भरली. विंडोज ७, ३२ बिट. रॅम ८ जीबी, पैकी वापरण्याजोगी ३.२५. मी म्हटलं, बाकीची कुठं गेली? पैसे तर आठचे दिलेत. तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी आता सगळ्या शाखांना सांगत फिरते. "काकू, या विंडोजला चारशे एकोणतीस कोटी बाइटच्या, म्हणजे चार जीबीच्या, पुढं मोजता येत नाही. त्यापुढची रॅम लावली तरी याच्या खतावणीत तिचं खातंच उघडत नाही." मॅडमची काकू झाले ती तिथं. आणि सव्वीस वर्षांत कॉम्प्युटरबद्दलचं पहिलं वाक्य मला माझ्या भाषेत कळलं.

पुढचं मी स्वतःच वाचत गेले. नव्या डेटाबेसला, म्हणजे सगळ्या नोंदी जिथं साठतात त्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरला, लागतं ६४ बिट आणि विंडोज सर्व्हर २०१६ किंवा त्याच्या पुढचं. आमच्याकडे त्यातलं काहीच नाही. मग दोन वर्षांपूर्वी त्या लोकांनी बसवलं तरी काय? आमच्या मशीनवर चढेल असं जुनं हुडकून बसवलं होतं, त्याच डेटाबेसची जुनी, एसक्यूएल सर्व्हर २००८ आर-टू ची फुकटची एक्स्प्रेस आवृत्ती. तिचा आधार, म्हणजे दुरुस्त्या आणि सुरक्षेचे अपडेट, मायक्रोसॉफ्टनं ९ जुलै २०१९ लाच काढून घेतलेला, आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. आमच्याकडे ते बसवलं त्याच्या कितीतरी आधी. आणि त्या एक्स्प्रेसमध्ये एका डेटाबेसला मर्यादा १० जीबी. फोटो आणि सह्या स्कॅन करून आम्ही त्यातच भरत गेलो. तुम्ही कागदाच्या तळाशी गुणाकार केलात, १० × १०२४, कारण एका जीबीचे १०२४ एमबी. आले १०२४०. मर्यादा भरली होती, म्हणून नोंद सेव्ह होत नव्हती. मी डायरी काढून तुमच्यासमोर ठेवली. तुम्ही आकड्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "हे तुम्ही तेव्हाच लिहून ठेवलं होतं?" हो. तेव्हाच फोनवर सांगितलंही होतं.

मायक्रोसॉफ्टच्या कागदावर डिस्क किमान ६ जीबी आणि रॅम किमान १ जीबी असं वाचून मी जरा भांडलेही तुमच्याशी. एवढं तर आहे की आमच्याकडे! तुम्ही म्हणालात, "किमान म्हणजे सुरू होईल. तुमच्या बाजाराच्या दिवशी चालेल असं कुठं म्हटलंय त्यांनी?"

नवीन मशीन आलं, डेटा हलवला, त्या भानगडी इथं सांगत बसत नाही, मलाही सगळ्या आठवत नाहीत. एक आठवतं. कोरं करकरीत मशीन, त्यावरही तुम्ही आधी काळ्या पडद्यावर काहीतरी टाईप करून डिस्कचा सेक्टर, म्हणजे डिस्क एका वेळी लिहिते तो तुकडा, किती बाइटचा दाखवतोय ते बघितलंत. ४०९६ आलं तेव्हा हुश्श केलंत. काही नव्या डिस्क त्याहून मोठा आकडा सांगतात आणि मग डेटाबेस सुरूच होत नाही, म्हणालात. नव्याला पण तपासायचं? "नव्याला तर आधी," म्हणालात.

सभेत तो कागद मी स्वतः वाचला, माझ्या अक्षरातला. डावी बाजू, उजवी बाजू, खाली १०२४०. मघाचे ते संचालक चष्मा लावून बघत राहिले. मग विचारलं, "हे दोन वर्षांपूर्वी कुणी बघितलं नव्हतं?" मी म्हटलं, बघायचे पैसे आपण ज्यांना दिले त्यांना विचारा. एवढं बोलायला मला तुमचा कागद लागला. तुम्ही स्वतः भरून दिला असतात तर मी तो नुसता पुढं सरकवला असता.

अंथरूण पाहून पाय पसरा असं आपण ज्याला त्याला ऐकवतो. अंथरूण मोजून द्यायला मात्र कुणी येत नाही. जे येतात त्यांच्याकडे आपलं लक्षही नसतं. आमच्याकडे गॅसचं सिलिंडर देणारा एक मुलगा आहे, सील काढून वायसर बघतो, पाणी टाकून बुडबुडे येतात का बघतो, मगच पैसे मागतो. शेजारणी म्हणतात, हा फार वेळ लावतो. इंजेक्शन द्यायच्या आधी "काही खाल्लंय का?" विचारणारे कंपाउंडर होते आमचे, वारले बिचारे. त्यांना कधी कुणी पत्र लिहिलं नाही. मीही नाही. तेव्हा यातलं थोडं त्यांच्याही वाट्याचं समजा.

आणि त्या आधीच्या कंपनीतल्या लोकांनो, तुम्ही हे वाचत असाल तर एएमसीचं एक वर्ष अजून बाकी आहे. फोन करू नका, पैसे परत करा. अर्ज टपालानं पाठवलाय, पोचपावतीसह.

दादा, कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. दुसऱ्या शाखेतल्या पोरीनं नवा प्रिंटर घ्यायच्या आधी परवा फोन केला, "मॅडम, तो रेघ मारलेला कागद कसा करायचा?" मी सांगितलं, आणि उजवी बाजू तिलाच भरायला लावली.

तुमचं पेन माझ्याकडेच राहिलंय, टोपण चावलेलं. रिफिल संपली, मी दुसरी घातली. इकडं याल तेव्हा घेऊन जा. चहात साखर कमी, लक्षात आहे.

तुमच्या,
पतसंस्थेतल्या काकू